भोगीचं ताट

भोगीला अव्वांच्या घरून ताट येतं. मी परकर-पोलक्यात होते तेव्हापासून येतं. यंदा ते त्यांची नात घेऊन आली, दोन्ही हातांनी धरून, हुग्गी सांडू नये म्हणून जिभेचं टोक दातांत पकडून. वरचा क्रोशाचा रुमाल काढला तसा तिळाचा आणि भाजलेल्या बाजरीचा वास घरभर झाला. तीळ थापलेली भाकरी, तिच्यावर लोण्याचा गोळा, घेवडा-गाजर-वांगं-घाटे घातलेली भोगीची भाजी, दोन शेंगापोळ्या, कडेला शेंगाचटणी, वाटीत गुळाची हुग्गी. आणि ताटाच्या काठावर विभूतीचा पुसट डाग, बोटं टेकल्यासारखा. तो डाग मी पाहिला आणि पोरीला म्हणाले, "अव्वांना सांग गं, फार छान झालंय." अजून घासही घेतला नव्हता.

ती गेल्यावर ताट ओट्यावर ठेवून मी बराच वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिले. मग मागचं दार उघडलं. बोळात रोज येणारी तांबडी गाय उभी होती. भाकरी घातली, भाजी घातली, शेंगापोळ्या घातल्या. हुग्गी तिच्यापुढच्या टोपल्यात ओतली आणि मान वर केली, तर बोळाच्या तोंडाशी अव्वांची नात. त्याच दिवशी सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या अक्षता, घरात पाहुणे, ताटं कमी पडत होती म्हणून तिच्या आईनं तिला मागच्या वाटेनं परत पिटाळलं होतं. पोर काही बोलली नाही. गाईच्या तोंडातल्या शेंगापोळीकडे तिनं बघितलं, मग माझ्याकडे. मी ताट विसळलं, रिकामं देऊ नये म्हणून त्यात मूठभर साखर घातली आणि तिच्या हातात दिलं. तिनं ते घेतलं. तसंच, दोन्ही हातांनी.

ते दोन्ही हात पुढं कित्येक दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलले नाहीत.

सोलापुरात, बाळीवेशीतल्या आमच्या बोळात ख्रिस्ती घर एकच, आमचं. शेजारी अव्वांचं लिंगायत घर, पलीकडे पद्मशाली, कोपऱ्यावर बागवान. अव्वांचं ताट आलं की आई डोळे मिटून दोन ओळींची प्रार्थना करायची, देवाचे उपकार मानायची आणि आम्हा भावंडांना वाढायची. ताटात काय आहे, कुठून आलंय, याची चर्चा कधी झाली नाही. मग यंदाच काय झालं? जानेवारीचा पहिला आठवडा आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रार्थना सप्ताहाचा. बाहेरगावाहून आलेल्या एका वक्त्यांनी एका संध्याकाळी सांगितलं की नैवेद्याचा घास पोटात गेला की घरावरचं कृपेचं छत्र निघून जातं. एरवी मी हे एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून दिलं असतं. पण महिनाअखेरीला भावाच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलेलं होतं. रात्र रात्र झोप नव्हती. अशा दिवसांत माणूस देवाशी सौदा करायला बसतो: मी एवढं पाळते, तू तेवढं सांभाळ. त्या दुपारी गाईपुढं मी जे ओतलं ती माझी भीती होती. तिला मी श्रद्धा समजले, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं.

त्या रात्री मी बायबलमधलं, करिंथकरांस लिहिलेलं पहिलं पत्र काढून बसले. करिंथ म्हणजे बंदराचं, बाजारपेठेचं, देवळांचं शहर. देवळात बळी दिलेल्या जनावराचं मांस बाजारातही विकायला यायचं, शेजाऱ्यांच्या मेजवानीतही असायचं. नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांना पेच पडला, हे खायचं का? प्रेषित पौलानं त्यांना इसवी सन 55 च्या सुमाराला उत्तर लिहिलं. मूळ ग्रीक शब्दाचा रोख मूर्तीपुढच्या बळीकडे आहे. मराठी भाषांतरकारांनी तिथं नैवेद्य हा शब्द योजला. तो शब्द वाचला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढं मांसाचा बाजार येत नाही, केळीचं पान येतं, वरणभात येतो, वर तुपाची धार येते. त्या एका शब्दानं करिंथचा पेच उचलून थेट आमच्या बोळात आणून ठेवला आहे.

आठव्या अध्यायात पौल मोकळा आहे. मूर्ती म्हणजे काहीच नाही, खाल्ल्यानं आपण देवाच्या जवळ जात नाही आणि न खाल्ल्यानं दूर जात नाही. दहाव्यात तो एकदम कडक होतो: प्रभूच्या मेजावरही बसायचं आणि तिकडच्याही, हे जमायचं नाही. वाचणारा दचकतो, तोवर पुढच्याच ओळींत तो पुन्हा सैल सोडतो. बाजारात मिळेल ते खा, चौकशा करत बसू नका. कुणी जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, पुढ्यात येईल ते खा. मात्र कुणी सांगितलं की हा नैवेद्य आहे, तर खाऊ नका, आणि तेही सांगणाऱ्यासाठी. मी हे चार-पाच वेळा वाचलं. त्याला सरसकट नियम करता आला असता. यरुशलेमच्या सभेनं अन्यजातीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांसाठी तो केलाच होता, नैवेद्य वर्ज्य म्हणून. पौल मात्र दर वेळी ताटावरून आपली नजर उचलतो आणि समोरच्या माणसाकडे वळवतो. मला बोचलं ते ‘कुणी सांगितलं तर’ हे. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. मी कुणाला विचारलं नव्हतं. एका डागावरून मी निकाल देऊन मोकळी झाले होते.

पण हे झालं शास्त्राचं. आमच्या घरात प्रसाद न घेण्यामागं पौल नव्हता, आजी होती.

आजीची आई 1899-1900 च्या दुष्काळात मिशनच्या अनाथाश्रमात आली. बार्शीकडच्या एका गावातल्या मांगवाड्यातली पोर. जत्रेच्या दिवशी देवळापासून लांब, उन्हात उभं राहायचं, पुजारी वरून प्रसाद टाकायचा, तो पदर पसरून झेलायचा, खाली सांडला तर मातीतून वेचायचा, हे आजीनं तिच्या तोंडून ऐकलेलं होतं. "वरून टाकलेलं आपण घेत नाही," आजी एवढंच म्हणायची. त्या वाक्यात मूर्ती नव्हती, दहा आज्ञा नव्हत्या. अनाथाश्रमात पहिल्या दिवशी कुणा बाईनं तिच्या आईच्या हाताला हात लावून भाकरी दिली. आमच्या घराण्याची ख्रिस्ताशी ओळख झाली ती तिथं, पुस्तकाच्या फार आधी. (मंडळीत जात पुसली गेली असं मात्र मी म्हणणार नाही. लग्नं जमवताना ती कुठून तरी पुन्हा वर येतेच.) पंढरपूर आमच्याच जिल्ह्यातलं. विठ्ठलाच्या पायांपर्यंत सगळ्यांना पोचायला 1947 साल उजाडावं लागलं आणि साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं. ती बातमी आली तेव्हा आजी चुलीपुढं बसून रडली, असं वडील सांगायचे. ख्रिस्ती बाई विठ्ठलाचं दार उघडलं म्हणून का रडली, हे त्यांना कळलं नव्हतं, आणि तिला विचारायचं धाडसही झालं नव्हतं.

हीच आजी सिद्धेश्वराच्या या गड्ड्याच्या यात्रेत अक्षतेच्या दिवशी विजापूर वेशीत जाऊन उभी राहायची. बोट धरून मला न्यायची. बाराबंदी घातलेली पांढरीशुभ्र माणसं, काठी पेलताना ताठ झालेल्या त्यांच्या माना, नंदीध्वजांवरचे खोबऱ्याचे हार, ‘बोला एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ म्हणताना गर्दीच्या छातीतून निघणारा तो घुमारा. नंदीध्वजांच्या सात काठ्या. पहिल्या पाच जाईपर्यंत आजी पदर आवळून गप्प उभी असायची. शेवटच्या दोन काठ्यांचा मान मातंग समाजाचा. त्या दिसल्या की माझ्या बोटावरची तिची पकड घट्ट व्हायची. टाचा उंचावून ती बघायची. त्या वळणाआड गेल्या की म्हणायची, "चल." ती नमस्कार करायची नाही, अक्षता टाकायची नाही, कुणी खारीक-खोबरं पुढं केलं तर मान हलवायची. पण शेवटची काठी नजरेआड होण्याआधी ती जागची हलली, असं एकदाही झालं नाही.

तिच्या त्या उभं राहण्याला काय म्हणावं, मला अजून शब्द सापडलेला नाही.

मी कॉलेजात शिकवते. नाताळच्या सुमाराला सर्वधर्म मेळावे होतात, तिथं ख्रिस्ती बाजूनं बोलायला मला बोलावतात. गेल्या डिसेंबरातही बोलले. 1938 साली मद्रासजवळच्या तांबरमला जगभरचे मिशनरी जमले, तिथं हेंड्रिक क्रेमर या डच अभ्यासकानं ख्रिस्तातलं प्रकटीकरण आणि इतर धर्म यांच्यात सांधा नाही असं ठासून मांडलं, आणि मद्रासच्या ख्रिस्ती विचारवंतांनी त्याच वर्षी स्वतंत्र पुस्तक काढून त्याला उत्तर दिलं, हे सांगितलं. 28 ऑक्टोबर 1965 ला व्हॅटिकनच्या परिषदेनं जाहीर केलं की इतर धर्मांत जे खरं आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, हे सांगितलं. 1971 मध्ये जागतिक चर्च परिषदेनं संवादासाठी वेगळा विभाग काढला आणि तो सांभाळायला कानडी मुलखातले, कारकळचे स्टॅन्ली समर्था जिनिव्हाला होते, हे तर मी मुद्दाम सांगितलं, कारण सभागृहात निम्मी माणसं कानडी होती. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत अव्वांचा मुलगा बसला होता, तोही टाळ्या वाजवत होता. तीन आठवड्यांनी त्याच्या घरचं ताट मी गाईला घातलं.

त्या व्यासपीठांवर सगळ्या नद्या एकाच समुद्राला मिळतात. ऐकायला गोड वाटतं, पण मला ते कधी पटलं नाही, आणि हे मी तिथं कधी बोलले नाही. मी ख्रिस्ताला अनेकांतला एक मार्ग मानत नाही, मार्ग मानते. अव्वांच्या गळ्यात इष्टलिंग आहे, तेही त्यांनी अनेकांतलं एक म्हणून बांधलेलं नाही. दोघींनी आपापलं गळ्यातलं काढून ठेवल्यावरच बोलता येणार असेल, तर मग बोलण्यासारखं उरतं काय? नारायण वामन टिळक म्हणत की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. बाप्तिस्मा 1895 चा, आणि पूल त्यांनी शेवटपर्यंत मोडला नाही. 1917 मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा करायला घेतला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. दोन वर्षांत ते गेले. मला त्यांचं मोठेपण यात दिसतं की ते कुठून आले आणि कुठं पोचले, दोन्ही मोठ्यानं सांगत राहिले.

दुसऱ्या बाजूची भीतीही मी विसरू शकत नाही. पंडिता रमाबाईंनी 1889 साली शारदा सदन काढलं, धर्माच्या बाबतीत ढवळाढवळ करणार नाही असा शब्द देऊन. पण स्वतःच्या प्रार्थनेच्या वेळी दार लावून घ्यायला त्या तयार नव्हत्या, आणि मुली येऊन बसू लागल्या. 1893 मध्ये पुण्यात रण माजलं, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. तरुणपणी हे मी फक्त रमाबाईंच्या बाजूनं वाचायचे. त्यांच्या उघड्या दाराचा मला अभिमान वाटायचा, आजही वाटतो. पण हल्ली त्या मुलींच्या आयाही मला दिसतात, दूर कुठं तरी वाड्यात, हातात पत्र घेऊन बसलेल्या. आपली माया ही माया आहे की गळ, हे समोरच्याला कसं कळावं? अव्वांच्या सुनेनं मागं एकदा नाताळच्या करंज्या हातात घेऊन विचारलं होतं, "ताई, यावर तुम्ही काही म्हणता का वो? मंत्र वगैरे?" मी म्हणाले, उपकार मानतो, तेवढंच. "मग असू दे की," म्हणाली आणि तिथंच एक मोडून तोंडात टाकली. तेव्हा मला तिचा प्रश्न जरा लागला होता. आता वाटतं, तिनं विचारलं तरी.

आणि आमच्याकडेही एक ताट आहे, जे सगळ्यांना मिळत नाही. आठवीत असताना माझी मैत्रीण हट्टानं माझ्याबरोबर उपासनेला आली. त्या रविवारी प्रभुभोजन होतं. मंडळी पुढं जाऊन गुडघे टेकत होती, तीही उठून माझ्या मागं आली आणि तिनं ओंजळ केली. पाळक थांबले, तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि भाकरीचं ताट पुढं नेलं. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "मला का नाही दिलं?" मी बाप्तिस्मा वगैरे सांगत राहिले. ती ऐकत होती आणि तिची ओंजळ अजून पुरती मिटली नव्हती. त्या नियमाचा अर्थ मला आज कळतो आणि मी तो मानतेही. तरी वरून टाकलेलं न घेणाऱ्या आजीची नात म्हणून त्या ओंजळीचं मी काय करू, हे मला अजून उमगलेलं नाही.

आईचं एक अॅल्युमिनियमचं पातेलं होतं. वर्षभर ते फडताळाच्या वरच्या फळीवर जुन्या पांढऱ्या धोतरात बांधलेलं असायचं. डिसेंबरच्या चोवीस तारखेला खाली यायचं. आमच्या केकची पातेली वेगळी, अंडी फेसायचं भांडं वेगळं. सगळा पसारा आवरून, ओटा धुऊन, हात साबणानं दोनदा धुऊन आई त्या पातेल्यात अव्वांचा केक घालायची, दह्याचा, बिनअंड्याचा. वाळूच्या शेगडीवर तो अर्धा तास जास्त घ्यायचा आणि मधे जरासा बसायचा. "अव्वांचा आहे, शिवू नका," म्हणायची. हे कधी ठरलं, कुणी कुणाला काय सांगितलं, आम्ही कधी विचारलं नाही. आई गेल्यावर ते पातेलं मी वापरते आहे. धोतराचा कपडा विरलाय, गाठ मात्र तिच्यासारखीच मारते.

भावाचं ऑपरेशन नीट झालं. तो घरी आल्यावर चारेक दिवसांनी, दुपारच्या उन्हात, मी अव्वांकडे गेले. त्या उंबऱ्याशी पाय पसरून शेंगा फोडत होत्या. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसरा राहिलाय, त्यामुळं मान तिरकी करून बघतात. मी खाली बसले. आडून काही बोलायचं नाही असं ठरवून गेले होते.

"अव्वा, भोगीचं ताट मी गाईला घातलं."

"माहिताय की. पोरगी सांगितली."

"राग आला?"

"राग कशाला? वाईट वाटलं." शेंग फुटली. "का घातलीस गं?"

मी सांगितलं. प्रार्थना सप्ताह, भावाचं ऑपरेशन, ताटावरचा डाग, नैवेद्य असेल असं वाटलं, सगळं. अव्वांनी शेंग खाली ठेवली आणि उजव्या हाताची बोटं उन्हात धरून तिरक्या नजरेनं बघितली, जणू डाग अजून तिथं असेल.

"ते माझ्या हाताचं असंल बघ. कपाळाला विभूती लावले आणि तशीच वाढायला बसले." मग म्हणाल्या, "नैवेद्याचं ताट तुमच्याकडं कसं येईल? तुझी आई सांगितली होती की मला. तू इवलीशी होतीस तवा. म्हणली, अव्वा, तुमच्या हातचं सगळं चालतंय, देवाला दाखवलेलं तेवढं नको, रागावू नका. मी बी म्हणले, तुमचं सगळं चालतंय, अंड्याचं तेवढं नको. झालं. तवापासून तुमचं ताट आधी काढतो, मग देवाला. सून आल्यावर तिलाबी सांगून ठेवले."

मी गप्प बसले. ज्या घरात देवाला दाखवल्याशिवाय तान्ह्या लेकराच्या तोंडाला बोट लावत नाहीत, त्या घरात चाळीसेक वर्षं देवाच्या आधी आमचं ताट काढलं जात होतं. आई हे बोलली होती, बहुधा याच उंबऱ्यावर, दोन वाक्यांत, आणि घरी येऊन पातेलं धोतरात बांधून ठेवलं होतं. ती ताटावर डोळे मिटून उपकार मानायची तेव्हा नक्की कशाचे मानायची, हे मला त्या उन्हात बसून कळत होतं.

अव्वांनी दाण्यांचं सूप माझ्याकडे सरकवलं. मी एक शेंग उचलली.

"आता आई नाही तुझी," त्या म्हणाल्या. "घर तुझंय. तू सांग. आधीचं पाहिजे का नंतरचं?"

माझ्या हातातली शेंग फुटेना. आजी डोळ्यांपुढं आली, वेशीत टाचा उंचावून उभी असलेली. मैत्रिणीची ओंजळ आली. मी तोंड उघडलं आणि काय बोलावं ते सुचलं नाही.

"सावकाश सांग," अव्वा म्हणाल्या आणि माझ्या हातातली शेंग घेऊन त्यांनीच फोडली. "भोगीला लई दिवस हाईत."